एकशे पंचावन्नावी टिकली

टिकल्या हिरव्याच घ्यायच्या, हे शार्दूलनं ठरवलं होतं.

खरं तर नकाशावर लावायला ऑफिसातून गोल स्टिकर यायचे होते. ते दिल्लीहून निघाले आणि वाटेत कुठं बसले कुणास ठाऊक. मीटिंग तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मालविका म्हणाली, "बिंदी के पत्ते ले आते हैं. लाल वाली. दूर से दिखेगी."

मालविका म्हणजे त्याची टीम लीड. प्रयागराजची, नगररचनेची मोठी पदवी घेतलेली, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. शार्दूल तिला दीदी म्हणायचा.

"लाल नहीं, दीदी. हमारे यहाँ कितनी काकू लोग विधवा हैं. लाल को हाथ नहीं लगाएँगी. बोलेंगी भी नहीं, चुपचाप पीछे जाके बैठ जाएँगी. हरी लीजिए."

मालविका हसली. "इसीलिए तो तुमको रखा है."

हे एक वाक्य शार्दूलला दिवसभर पुरलं.

आता हा शार्दूल कोण, ते सांगायला हवं. गंगेकाठी ब्रह्मा घाटाच्या वर ज्या गल्ल्या आहेत तिथलाच तो. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. आजोबा वेद शिकवायचे, बाबा रेल्वेत लागले, आणि हा बी.कॉम. अर्धवट सोडून नकाशे करायला लागला. शिकवलं कुणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, चुकला, परत बघितले. गल्ल्या सुधारायचं काम निघालं तेव्हा त्याचा आराखडा करणाऱ्या कंपनीला गल्लीतला एक माणूस हवा होता. हा मिळाला.

आणि खरंच, त्याच्यावाचून त्यांचं काम झालं नसतं. त्या गल्ल्यांत जीपीएस चालत नाही. वर बघावं तर आकाशाची धोतराच्या काठाएवढी पट्टी. मोबाइलवरचा निळा ठिपका या घरातून त्या घरात उड्या मारतो आणि शेवटी गंगेत जाऊन पडतो. म्हणून शार्दूलनं सगळी गल्ली टेपनं मोजली होती. वाकून वाकून. प्रत्येक पायरी, प्रत्येक ओटा, नालीचं प्रत्येक वळण. गल्लीत असा एक दगड नव्हता ज्याला त्याचा हात लागला नव्हता.

प्रश्न रुंदीचा होता. नवी नाली, तारा जमिनीखाली, वर दगडी फरशी, हे सगळ्यांना मान्य होतं. पण आराखड्यात एक अट होती. आजारी माणसाचं स्ट्रेचर घराच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सरळ, न थांबता गेलं पाहिजे. त्यासाठी सहा फूट मोकळे हवेत. आणि गल्लीत तर तेवीस ओटे आणि पायऱ्या पुढं आलेल्या.

ही अट घालायचीच म्हणून शार्दूलच अडून बसला होता. कारण घरी बाबा.

बाबा म्हणजे नीलकंठराव. वय बहात्तर. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गाडी मैदागिनच्या मोठ्या रस्त्यावर उभी राहायची. तिथपर्यंत त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, एकानं पुढून आणि एकानं मागून धरून न्यायचं. गल्ली डावीकडे वळते त्या कोपऱ्यावर एक जुना ओटा होता. कमरेएवढा उंच, माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर लांब. त्याच्यामुळं तिथं गल्ली जेमतेम साडेतीन फूट उरायची. खुर्ची तिरकी करावी लागायची आणि बाबांचा गुडघा समोरच्या भिंतीला घासायचा. दर वेळी बाबा म्हणायचे, "काही नाही रे, लागलं नाही." दर वेळी घरी आल्यावर शार्दूल तिथं मलम लावायचा.

तर तो ओटा शार्दूलच्या डोळ्यांत सलत होता. पण मनात आलं म्हणून ओटा काढायचा, असं त्याला करायचं नव्हतं. कोणता दगड ठेवायचा आणि कोणता काढायचा हे गल्लीनंच ठरवायचं, हे त्यानं ऑफिसला पटवून दिलं. त्यासाठी दोन कसोट्या केल्या. आधी प्रत्येक ओट्यासमोर तीन दिवस बसायचं आणि कोण टेकतं, कोण ओझं ठेवतं, सगळं लिहायचं. मग लोकांना नकाशावर टिकल्या लावायला द्यायच्या. जी जागा जपावीशी वाटते तिथं टिकली. कुणी वापरत नाही आणि टिकलीही पडली नाही, तरच तो दगड काढायचा.

"कम से कम तीन बिंदी तो रखो," मालविका म्हणाली होती. "एक पे तो कुछ हटेगा ही नहीं."

"एक ही काफी है, दीदी. एक आदमी भी आदमी है."

ती थोडं भांडली. मग तिनं मानलं. नियम शार्दूलचा झाला. एक जरी टिकली पडली तरी हात लावायचा नाही.

एप्रिलमध्ये तो कोपऱ्यावरच्या ओट्यासमोर तीन दिवस वही घेऊन बसला. सूर्य उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत. दूधवाल्यानं कॅन टेकवला नाही. भाजीवाली टोपलं डोक्यावर घेऊन पुढच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथं टेकली. दोन शेळ्या चढल्या, तर कुणीतरी खिडकीतून पाणी फेकून त्यांना हाकललं. तीन दिवसांत एक माणूस त्याच्यावर बसला नाही.

शार्दूलला एवढं मात्र आठवलं की लहानपणी ते तिथं गोट्या घेऊन बसले की कुणीतरी म्हातारं ओरडायचं, "उठा तिथून!" का, ते सांगायचं नाही. आता मोठी माणसं ओरडतातच. त्यात काय विचारायचं.

त्यानं वहीत लिहिलं, 'वापर नाही.'

मीटिंग गल्लीतल्या पाठशाळेच्या खालच्या दालनात झाली. बारा फुटी नकाशा जमिनीवर अंथरलेला. खाली ड्रोननं काढलेला फोटो, वर शार्दूलनं आखलेल्या रेघा. चपला बाहेर काढून लोक आपापल्या घरांवरून चालत होते.

शरदिनीकाकूंनी चष्मा पुसून बघितलं आणि ओरडल्या, "अरे मेल्या, माझ्या गच्चीवर वाळत घातलेली साडी दिसतेय! सांगून तरी फोटो काढायचास. फाटकी कशाला घातली असती वाळत?"

"काकू, फाटकी आहे ते वरून नाही दिसत."

"आता सांगितलंस ना सगळ्यांना!"

सगळे हसले. बाबाही हसले. हो, बाबा आले होते. आदल्याच दिवशी डायलिसिस झालं होतं, चेहरा पिवळा पडलेला. शार्दूल नको म्हणत होता, तर म्हणाले, "मला पण पाच टिकल्या मिळणार ना? मग मी येणार." त्यांना त्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून आणलं आणि नकाशाच्या कडेला बसवलं. खुर्ची नेमकी नकाशावरच्या त्या वळणासमोर आली होती. हे तेव्हा शार्दूलच्या लक्षात आलं नाही.

एकतीस माणसं, प्रत्येकी पाच टिकल्या. गणपतीच्या देवळावर तर एवढ्या पडल्या की देऊळच दिसेना. मग विहीर, मग पाठशाळा. शरदिनीकाकूंनी एक टिकली आपल्याच पायरीवर लावली. "मी इथं मटार सोलते. ही पायरी काढलीत तर तुमच्या ऑफिसात येऊन सोलेन."

मग गोपीनाथकाका उठले. पंचाहत्तरीचे, गल्लीचे गुरुजी. बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक घरात त्यांचंच बोलावणं. ते गुडघे टेकून बसले आणि बोट गल्लीवरून फिरवत निघाले. वळणावर आले. बोट थांबलं. त्यांनी मान वर करून समोर खुर्चीत बसलेल्या नीलकंठरावांकडे बघितलं. मग बोट पुढं सरकलं आणि टिकली विहिरीवर गेली.

त्यांच्यानंतर जे जे आले त्यांचंही तसंच झालं. बोट वळणापर्यंत यायचं आणि वळसा घेऊन जायचं. दालनात बोलणं बंद पडलं होतं. नुसता पंख्याचा आवाज. शार्दूलला वाटलं, लोक किती मन लावून नकाशा वाचताहेत. त्यानं मोबाइल काढून त्याचा व्हिडिओसुद्धा घेतला.

बाबा सगळ्यात शेवटी. त्यांनी चार जागा बोटानं दाखवल्या, शार्दूलनं वाकून टिकल्या लावल्या. पाचवी त्यांनी स्वतःच्या बोटाच्या टोकावर घेतली आणि बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले.

"बाबा, पाचवी?"

"राहू दे. विचार करून लावतो."

तेवढ्यात चहा आला.

संध्याकाळी ऑफिसात मोजणी झाली. मालविकानं दोनदा मोजलं. "एक सौ पचपन दिए थे. एक सौ चौवन हैं. एक बिंदी भाग गई."

"किसी काकू ने लगा ली होगी," शार्दूल म्हणाला, आणि दोघं हसले.

कोपऱ्यावरच्या ओट्याला एकही टिकली नव्हती. खोटं कशाला सांगायचं, शार्दूलला आनंद झाला. आपण काही केलं नाही, गल्लीनंच ठरवलं. आता बाबांचा गुडघा घासणार नाही.

काढायच्या दगडांची यादी हरकतींसाठी पंधरा दिवस देवळाच्या भिंतीवर लावलेली होती. तिच्यात तो ओटा होता. हरकत आली नाही. तरी मनाची खात्री म्हणून त्यानं एकदा गोपीनाथकाकांना गल्लीत गाठलं. ते स्नान करून येत होते, हातात तांब्या.

"काका, तो वळणावरचा ओटा निघणार आहे. तुमची काही हरकत नाही ना?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. डॉक्टर म्हणतात, असंच चालू राहिलं तर चार-पाच वर्षं काही काळजी नाही."

"बरं आहे मग." काका दोन पावलं गेले. परत वळले. "तू सगळा विचार केलायस ना?"

"केलाय, काका."

"मग बघ बाबा तुझं तू," असं म्हणून ते निघून गेले.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये ओटा काढला. दीड तासाचं काम. ज्या दगडांवर टिकल्या पडल्या होत्या ते सरकवायचे असले तर त्यांच्यावर खडूनं नंबर घालायचे, म्हणजे परत तसेच्या तसे बसवता येतात. या ओट्याला नंबर घातले नाहीत. कशाला घालायचे? दगड ट्रॉलीत भरले आणि ट्रॉली गेली. खाली नालीचं वळण येत होतं, तिथं एक चेंबर लागणारच होता. तो शार्दूलनं नेमका त्याच जागी बसवला. जागा वाया गेली नाही, यावर मालविकानं त्याला शाबासकी दिली.

बाबा दिवसभर वरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दगड कुठं नेले रे?"

"डेपोत. का हो?"

"सहज."

मग फरशी झाली. भाड्यानं चाकाची खुर्ची आणली. पहिल्यांदा शार्दूल एकटाच बाबांना घेऊन निघाला, एका हातानं ढकलत. दुसऱ्या हातात डायलिसिसची फाइल. वळणावर आले तेव्हा बाबा म्हणाले, "थांब जरा."

तो थांबला. ओटा निघाला होता तिथं भिंतीवर सिमेंटचा ताजा पट्टा होता. बाबांनी हात लांब करून त्याच्यावर तळवा टेकवला. जरा वेळ तसाच ठेवला.

"दम लागला का, बाबा?"

"नाही नाही." त्यांनी हात काढून घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. "बघ, आज गुडघा लागला नाही. बरं झालं हं. चल."

तीन महिन्यांत बाबा गेले.

चार-पाच वर्षं म्हणाले होते, आणि जानेवारीत एका सकाळी बशीत चहा ओतला आणि तो प्यायचा राहिला. शार्दूल समोरच होता. बाबांनी बशी खाली ठेवली, नीट ठेवली, सांडली नाही, आणि मान भिंतीला टेकली. बस.

देवश्रीताई, त्याची मोठी बहीण, जबलपूरहून दुपारी पोचली. मग तीन वाजता बाबांना बाहेर काढलं. बायका दारापर्यंत आल्या. ताई उंबऱ्याशी बसली. शार्दूल पुढं, दोन्ही हातांत विस्तवाचं मडकं. शेजारी गोपीनाथकाका. मागं चौघांच्या खांद्यावर तिरडी, आणि तिच्यामागं सगळी गल्ली. मणिकर्णिकेचं स्मशान काही लांब नाही. श्रीराम जय राम म्हणत निघाले.

वळणावर आले आणि मागचा आवाज बंद झाला.

शार्दूल चार पावलं पुढं गेला होता. पावलं ऐकू येईनात म्हणून त्यानं मागं बघितलं. चौघं तिरडी खांद्यावर घेऊन उभे. कुणी कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. पायच थांबले होते. आणि सगळे, खांदेकरी आणि मागचे, त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते.

"काय झालं?" शार्दूलनं विचारलं.

तो काकांकडे वळला.

"काका, काय झालं? इथं काय असतं?"

गोपीनाथकाका खाली बघत म्हणाले, "विसावा."

हा शब्द शार्दूलला माहीत होता. कुठल्या मराठी माणसाला माहीत नसतो? अर्ध्या वाटेवर तिरडी जरा खाली ठेवायची. चार दाणे तांदळाचे टाकायचे. पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात. गेलेल्या माणसालाही घर सोडताना एकदा थांबायला मिळतं. एवढं त्याला माहीत होतं. आपल्या गल्लीचा विसावा कुठं असतो, हे माहीत नव्हतं.

कमरेएवढा उंच. माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर लांब. त्यानं स्वतः टेप लावून मोजला होता.

"खाली ठेवू या?" खांदेकऱ्यांपैकी एकानं विचारलं.

काकांनी खाली बघितलं. नव्या फरशीत चेंबरचं लोखंडी झाकण. कडेनं ओलं, वास येत होता. "गटारावर?" ते म्हणाले. "नीलकंठला?"

मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. गल्ली मोकळी झाल्यापासून मोटारसायकली येऊ लागल्या होत्या. "भैया, ज़रा साइड!" गाडीवाल्यानं तिरडी बघितली आणि गाडी बंद केली. पण त्याच्यामागं आणखी दोन होत्या.

"खांद्यावरच बदला," काका म्हणाले.

खांद्यावर बदलायची कुणाला सवय नव्हती. पुढचा एक निघाला, मागचा यायला एक क्षण उशीर झाला. तिरडी एका बाजूला कलली. बाबांच्या गळ्यातला तुळशीचा हार घसरून फरशीवर पडला आणि त्यांची मान हलली. जिवंत माणसाची हलते तशी. शार्दूल पुढं झेपावला आणि थांबला. दोन्ही हातांत मडकं होतं. ते मध्येच खाली ठेवता येत नाही. तो नुसता उभा राहिला आणि दुसऱ्यांनी त्याच्या बापाला सावरलं.

कुणीतरी हार उचलला. काकांनी तांदूळ मुठीत धरले होते, ते कुठं टाकावेत कळेना, म्हणून परत कनवटीला बांधले.

"चला," ते म्हणाले.

तिथून पुढं बाबा सहा फुटी गल्लीतून गेले. सरळ. न थांबता. आराखड्यात लिहिलं होतं तसेच.

तिसऱ्या दिवशी अस्थी सोडून झाल्यावर तो आणि गोपीनाथकाका घाटाच्या पायरीवर बसले. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं," शार्दूल म्हणाला.

"विचारलं होतंस."

"मग सांगितलं का नाही?"

काकांनी ओल्या पंच्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली. "अरे, मीटिंगमध्ये नीलकंठ समोर बसला होता. पिवळा पडलेला. त्याच्या डोळ्यांदेखत मी तिथं टिकली लावू? म्हणजे त्याला काय सांगू, की तुझी सोय बघतोय? एकतीस माणसांत वीस तरी असे होते ज्यांनी तिथं खांदा बदललाय. कुणाचा हात धजला नाही."

"आणि नंतर? मी एकट्याला विचारलं तेव्हा?"

"तू म्हणालास, बाबा बरे आहेत. त्यावर मी काय म्हणणार होतो? बरे आहेत, पण ओटा ठेव?"

शार्दूलनं ओल्या धोतराचा काठ पिळला.

"आणि एक सांगू? आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे," काका म्हणाले. "आम्ही आपसात बोललो. म्हटलं, मुलानं ठरवलंय. बाप जिवंत आहे तोवर नीट जावा-यावा, मेल्यावरचं मेल्यावर बघू, असा विचार केलाय त्यानं. आम्ही म्हटलं, चुकीचं नाही."

"मला माहीत नव्हतं, काका."

"कसं नव्हतं? तुझ्या आईला तिथंच तर ठेवलं होतं. नीलकंठ तिच्या डोक्याशी उभा होता. त्यानं..." आणि काका थांबले. त्यांना आठवलं. अकरा वर्षांपूर्वी शार्दूल लखनौला होता. धुक्यात गाडी अडकली, आणि तो स्टेशनवरून थेट मणिकर्णिकेला पोचला होता. चिता रचून झाली होती तेव्हा.

"अरे देवा," काका म्हणाले. "तू तर नव्हतास."

ताईला तरी कुठून माहीत असणार? बायका उंबऱ्याशी थांबतात. आणि लहान मुलांना कुणी नेत नाही, सांगत नाही, खिडकीतून बघूही देत नाही, नुसतं ओरडतात. मोठेपणी गल्लीत कुणी गेलं तरी शार्दूल कामावरून थेट घाटावरच पोचायचा. सबंध गल्लीत न सांगता जे सगळ्यांना माहीत होतं ते कळायची शार्दूलला एकच संधी होती, आणि ती चुकली होती.

तेरावा झाल्यावर तो टेप घेऊन डेपोत गेला. शहराबाहेर मोठं मैदान, दगडांचे ढीग. तिथल्या चौकीदारानं विचारलं, "कौन सा पत्थर चाहिए?"

"ब्रह्मा घाट की गली का. ओटे का. छह फुट दो इंच."

"नंबर?"

"नंबर नहीं है."

"नंबर नहीं तो भैया, अब क्या पता." तो वाईट माणूस नव्हता, बरोबर फिरला. "आधा तो टूटके गिट्टी बन गया. सड़क में चला गया."

शार्दूल दुपारभर मोजत राहिला. सहा फूट दोन इंचांची एक शिळा मिळाली. मग दुसरी मिळाली. मग एका ढिगाऱ्याखाली तिसरी. तिन्ही तशाच काळपट, तशाच झिजलेल्या. त्यानं प्रत्येकीवर हात ठेवून बघितला. आईला कोणत्या शिळेवर ठेवलं होतं ते हाताला कळेना. तो टेप गुंडाळून परत आला.

संध्याकाळी वरच्या खोलीत बाबांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, तेव्हा मालविकाचा फोन आला. तिला आता सगळं कळलं होतं. ती फार हळू बोलत होती.

"शार्दूल, वहाँ नया पत्थर रखवा देते हैं. चेंबर थोड़ा खिसक जाएगा. मंज़ूरी मैं करवा लूँगी. बस एक चीज़. लिस्ट में कारण लिखना पड़ेगा, और नियम के हिसाब से कम से कम एक बिंदी दिखानी पड़ेगी. वीडियो में देख लूँ? शायद किसी ने लगाई हो और हमसे छूट गई हो."

"नहीं लगाई, दीदी. किसी ने नहीं."

बोलता बोलता त्याची नजर खिडकीच्या काचेवर गेली. काचेवर काहीतरी होतं. पाखरू असेल असं वाटलं. त्यानं हात नेला आणि मध्येच थांबवला.

हिरवी टिकली होती.

काचेच्या मधोमध नाही, वर नाही. खाली डाव्या बाजूला, विचित्र जागी. कडेनं धूळ धरलेली, म्हणजे बरेच महिने तिथं होती. इथं कुणी कशाला लावेल? ती त्याला फक्त या खुर्चीत बसल्यामुळं दिसली होती.

मग त्याला कळलं. त्यानं बाबांसारखी पाठ मागं टेकली, मान बाबांसारखी जरा डावीकडे घेतली आणि एक डोळा मिटला. टिकली सरकली आणि काचेपलीकडे, खाली, गल्लीच्या वळणावर जाऊन नेमकी बसली. जिथं ओटा होता तिथं. जरासुद्धा इकडे तिकडे नाही. नकाशावर मुलासमोर जिथं बोट ठेवता आलं नव्हतं, तिथं इथून, एकटे असताना, बाबांनी ठेवलं होतं.

आणि एक पुरली असती. नियमच तसा होता.

"हैलो? शार्दूल? सुन रहे हो?"

"हाँ, दीदी."

"तो फिर क्या लिखूँ?"

त्यानं नख टिकलीच्या कडेला लावलं. काढून तिला दाखवता आली असती. पण काढली की ती कुठली तरी एक हिरवी टिकली होणार होती, खिशातली, नकाशावर कुठंही चिकटणारी. त्यानं नख काढून घेतलं.

"वो जो एक बिंदी कम थी ना," तो म्हणाला.

मालविका थांबून राहिली. तिनं फोन ठेवला नाही.

शार्दूलचा एक डोळा अजून मिटलेलाच होता. खाली वळणावर एक मोटारसायकल आली, टिकलीच्या मागं शिरली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली. सरळ. न थांबता.